शेण, पाणी आणि बँकेची पाटी : छत्तीसगडमधील तीन अजब प्रकरणांचा हिशेब

रायपूर : वृत्तपत्रांतील ‘जरा हटके’ सदरांना छत्तीसगडने गेल्या काही वर्षांत भरपूर मजकूर पुरविला आहे. जून २०२१ मध्ये कोरबा जिल्ह्यातील एका गावातून ८०० किलो शेण चोरीला गेले आणि पोलिसांनी रीतसर गुन्हा नोंदविला. मे २०२३ मध्ये कांकेर जिल्ह्यातील एका अन्न निरीक्षकाने पाण्यात पडलेला मोबाईल काढण्यासाठी जलाशयाचे पाणी पंपाने उपसून टाकले. सप्टेंबर २०२४ मध्ये सक्ती जिल्ह्यातील एका खेड्यात भारतीय स्टेट बँकेची अख्खी शाखाच बनावट निघाली. तिन्ही बातम्या देशाबाहेरही पोहोचल्या, वाचकांनी हसून पान उलटले. मात्र तिन्ही प्रकरणांच्या कागदांत असे काही आकडे आहेत, जे विनोदाच्या ओघात नजरेआड झाले.

पहिले प्रकरण शेणाचे. कोरबा जिल्ह्यातील दीपका हे नाव एरवी कोळशाच्या खुल्या खाणीसाठी घेतले जाते. याच दीपका पोलीस ठाण्याच्या हद्दीतील धुरेना गावात ८ आणि ९ जूनच्या मधल्या रात्री ही चोरी झाली. गावच्या गौठान समितीच्या प्रमुखाने १५ जून रोजी लेखी तक्रार दिली आणि अज्ञात व्यक्तीविरुद्ध चोरीचा गुन्हा दाखल झाला. चोरीस गेलेल्या मालाची किंमत १,६०० रुपये लावण्यात आली.

गौठान हा शब्द मराठी वाचकाला फसवा आहे. त्याचा अर्थ गावठाण असा नाही. गावातील गुरे दिवसा एकत्र थांबविण्याची ती जागा असते. विदर्भात जिला आखर म्हणतात तिच्याशी ती बरीच जुळते. तत्कालीन भूपेश बघेल सरकारने या जागांना ‘गोधन न्याय योजने’चे केंद्र केले. २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला, ही योजना सुरू झाली. हरेली म्हणजे नांगर, कुदळ, फावडे यांची पूजा करण्याचा छत्तीसगडी शेतकऱ्यांचा सण. तेथील पंचांगात तो श्रावण अमावास्येला येतो, पण महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपत असल्याने तोच दिवस आपल्याकडे आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस असतो. योजनेनुसार सरकार पशुपालकांकडून दोन रुपये किलो दराने शेण विकत घेई आणि महिला बचत गट त्यापासून गांडूळ खत तयार करीत. शेणाला असा मान मिळाला की, मार्च २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प ज्या पेटीतून आणला तीदेखील शेणाच्या भुकटीपासून बनविलेली होती. त्याच वर्षीच्या हरेलीपासून चार रुपये लिटर दराने गोमूत्राची खरेदीही सुरू झाली.

या पार्श्वभूमीवर १,६०० रुपयांचा अर्थ लावावा लागतो. एका जनावराचे दिवसाला साधारण दहा किलो शेण धरले तर ८०० किलो म्हणजे ऐंशी जनावरांचे एका दिवसाचे शेण. समितीच्या दृष्टीने तो सरकारी पैशातून खरेदी झालेला साठा होता. वहीतील साठा आणि खड्ड्यातील साठा जुळला नाही, तर पहिली शंका समितीवरच येणार. तक्रार नोंदविण्यामागे हा व्यावहारिक हेतू असावा, असे मानायला जागा आहे. ज्या वस्तूला काल किंमत नव्हती तिला सरकारने भाव दिला की दुसऱ्या दिवशी तिचा चोरही जन्माला येतो. कर्नाटकात हे त्याआधीच दिसले होते. चिक्कमगळूरु जिल्ह्यातील बिरूर येथे २०१९ मध्ये पशुसंवर्धन विभागाच्या मालकीचे सुमारे सव्वा लाख रुपयांचे शेण चोरीला गेल्याचा गुन्हा नोंदविण्यात आला होता.

कायद्याच्या अंगाने धुरेनाचा गुन्हा अधिक रंजक आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ आणि ३७९ मध्ये चोरीसाठी मालाच्या किमतीची कोणतीही खालची मर्यादा नव्हती. जंगम वस्तू असावी, ती दुसऱ्याच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने हलविलेली असावी, एवढे पुरे होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सर्वसाधारण समजुतीचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी गुन्हा ठरत नाही, असे कलम ९५ सांगत असे. तेच तत्त्व आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. पण समितीने तक्रार केली होती, तेव्हा पोलिसांपुढे पर्याय नव्हता. १ जुलै २०२४ पासून मात्र चित्र बदलले. न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, दोष प्रथमच सिद्ध झाला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा होते. शिवाय पाच हजारांखालील चोरी अदखलपात्र ठरविण्यात आली आहे. म्हणजे तीच चोरी आज झाली तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येणार नाही. मोठ्या शहरात ही सवलत किरकोळ वाटेल; ज्या बचत गटाची महिन्याची कमाईच तेवढी आहे, त्याला ती तशी वाटणार नाही. शेणखरेदी मात्र डिसेंबर २०२३ मध्ये राज्यात सत्ताबदल झाल्यानंतर बंद पडली.

दुसरे प्रकरण परलकोट जलाशयाचे, आणि त्याची कथा अधिक बोलकी आहे. कांकेर जिल्ह्याचा पखांजूर परिसर महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याला लागून आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांचे दंडकारण्य प्रकल्पाखाली येथे पुनर्वसन झाले, त्यामुळे या भागात आजही बंगाली मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. २१ मे २०२३ रोजी, रविवारी, कोयलीबेडा विभागातील एक अन्न निरीक्षक मित्रांसह येथे सहलीला आले. सेल्फी काढताना त्यांचा सुमारे एक लाख रुपयांचा मोबाईल जलाशयाच्या सांडव्याजवळील पाण्यात पडला. स्थानिक पोहणाऱ्यांनी बुड्या मारल्या, पण तो हाती लागला नाही. मग डिझेल पंप लावण्यात आला आणि तो दिवसरात्र चालला. अखेर मोबाईल सापडला, पण तो सुरू झाला नाही.

मोबाईलमध्ये कार्यालयीन माहिती होती, पाणी वापरण्याजोगे नव्हते आणि तीन-चार फूट पाणी काढण्यास जलसंपदा विभागाच्या उपविभागीय अधिकाऱ्याने तोंडी परवानगी दिली होती, असा खुलासा निरीक्षकाने केला. पंपासाठी सात-आठ हजार रुपये खर्च आल्याचेही त्याने सांगितले. आठवडा संपण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी त्याला निलंबित केले. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यालाही, वाया गेलेल्या पाण्याची किंमत तुमच्या वेतनातून का वसूल करू नये, अशी नोटीस निघाली. ते दिवस रोहिणी नक्षत्राच्या नवतपाचे होते. त्या नऊ दिवसांत विदर्भ आणि छत्तीसगड सारखेच भाजून निघतात, आणि अशा वेळी पाणी उपसले गेल्याची चीड गावकऱ्यांना होती.

किती पाणी गेले, याबाबत बातम्यांनी २१ लाख लिटरचा आकडा धरला आणि एवढ्या पाण्यात १,५०० एकर शेती भिजली असती, हे वाक्य त्याला जोडून देशभर फिरले. ते गणितात बसत नाही. १,५०० एकर म्हणजे सुमारे ६० लाख चौरस मीटर. त्यावर २१ लाख लिटर पाणी सारखे पसरले तर थराची जाडी अर्धा मिलिमीटरही भरत नाही. तेवढ्याने धूळही नीट बसणार नाही. एका पाळीला पाच सेंटीमीटर पाणी धरले तर एका एकराला सुमारे दोन लाख लिटर लागतात. या हिशेबाने २१ लाख लिटरमध्ये दहा एकरांची एक पाळी झाली असती. अतिशयोक्तीची येथे गरजही नव्हती, कारण जलसंपदा विभागाच्या नोटिशीतील आकडा बातम्यांतील आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

विभागाने वाया गेलेले पाणी ४,१०४ घनमीटर, म्हणजे ४१ लाख ४ हजार लिटर ठरविले. दर घनमीटरला १० रुपये ५० पैसे लावून त्याची किंमत ४३,०९२ रुपये झाली. विनापरवानगी पाणी काढल्याबद्दल आणखी १०,००० रुपये दंड धरून निरीक्षकाकडे एकूण ५३,०९२ रुपयांची मागणी करण्यात आली. मराठवाड्यातील वाचकाला समजेल अशा मापात सांगायचे, तर हे दहा हजार लिटरचे चारशेहून अधिक टँकर होतात. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या निकषाने हजार वस्तीच्या गावाची ती जवळपास अडीच महिन्यांची गरज आहे. जलाशयाचे पाणी थेट पिण्याचे नसते, त्यामुळे ही तुलना मापापुरतीच घ्यावी. पण नोटिशीतील दर लक्षात घेण्याजोगा आहे : एका लिटरला जेमतेम एक पैसा. दंडासह सारे भरूनही सरकारी हिशेबात एका मोबाईलची किंमत ४१ लाख लिटर पाण्याहून जास्त राहिली.

परलकोटचे नाव इतिहासाच्या दिनविशेषात वेगळ्या कारणाने येते. २० जानेवारी १८२५ रोजी तेथील जमीनदार गेंदसिंह यांना त्यांच्याच वाड्यासमोर फाशी देण्यात आली. त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा कारभार तिसरे रघूजी अल्पवयीन असल्याने ब्रिटिश अधिकारी पाहत होते. कर आणि अधिकाऱ्यांचा जाच याविरुद्ध अबुझमाडमधील आदिवासी डिसेंबर १८२४ मध्ये गेंदसिंहांच्या नेतृत्वाखाली उठले. धावड्याच्या डहाळ्या गावोगाव पाठवून, पाने सुकण्याच्या आत जमा व्हा, असा निरोप दिला जात असे. छत्तीसगडचे अधीक्षक मेजर अॅग्न्यू यांच्या आदेशावरून चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, कॅप्टन पेव फौज घेऊन आले आणि १० जानेवारीला परलकोट पडले. बस्तरमधील पहिले हुतात्मा म्हणून गेंदसिंहांना मान आहे आणि २०२५ मध्ये त्यांच्या हौतात्म्याला दोनशे वर्षे झाली. इंटरनेटवर ‘परलकोट’ शोधणाऱ्यापुढे मात्र आता बहुधा मोबाईलच आधी येतो.

तोंडी परवानगीचा हा खेळ छत्तीसगडपुरता नाही. एप्रिल २०२२ मध्ये बिहारच्या रोहतास जिल्ह्यात चोरट्यांनी पाटबंधारे विभागाचे कर्मचारी असल्याचे भासवून साठ फूट लांबीचा जुना लोखंडी पूल तीन दिवसांत कापून नेला. गावकऱ्यांना ते सरकारी काम वाटले. पुढे अटक झालेल्यांत त्याच खात्याचा एक अधिकारीही होता.

हाच सरकारी भास तिसऱ्या प्रकरणाचा पाया आहे. रायपूरपासून सुमारे २५० किलोमीटरवर, सक्ती जिल्ह्याच्या मालखरौदा भागात छपोरा हे खेडे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील एका व्यापारी संकुलात भाड्याच्या गाळ्यात स्टेट बँकेची ‘शाखा’ उघडली. नवे टेबल-खुर्च्या, संगणक, रोख काउंटर, फलक असे सारे होते. ग्रामस्थ खाते आणि कर्जाच्या चौकशीला येऊ लागले. छपोऱ्यातच बँकेचे ग्राहक सेवा केंद्र मिळावे म्हणून अर्ज केलेल्या एका स्थानिकाला, आपल्याला काही न कळता येथे थेट शाखा कशी आली, असा प्रश्न पडला. फलकावर शाखेचा सांकेतिक क्रमांकही नव्हता. त्याने जवळच्या डभरा शाखेच्या व्यवस्थापकाला गाठले आणि २७ सप्टेंबर रोजी पोलीस व बँकेचे अधिकारी तेथे पोहोचले. शाखा उघडून तेव्हा दहाच दिवस झाले होते.

या बातमीतही हसू त्या कर्मचाऱ्यांवर झाले, जे बनावट बँकेत खरीखुरी नोकरी करीत होते. वास्तविक लुटले गेलेले तेच होते. सहा तरुण-तरुणींना नियुक्तिपत्रे देण्यात आली होती. त्यांच्याकडून नोकरीसाठी प्रत्येकी दोन ते सहा लाख रुपये घेण्यात आले होते आणि काहींनी त्यासाठी दागिने गहाण टाकले, कर्ज काढले. ते कोरबा, बालोद, कबीरधाम अशा वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आले होते. गावाने त्यांना बँकेचे साहेब मानले, त्यांनी स्वतःही मानले, आणि छाप्यानंतर पोलिसांपुढे त्यांनाच आधी उत्तरे द्यावी लागली. स्टेट बँकेतील लिपिक व अधिकारी पदांची भरती लेखी स्पर्धा परीक्षेतून होते, पैसे भरून थेट नियुक्ती कधीच होत नाही. परीक्षांच्या निकालांत वर्षे घालविलेल्या उमेदवारांना हे ठाऊक नसते असे नाही. मागच्या दाराने जागा मिळते, या ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास बसतो.

अशी बनावट शाखा देशात पहिली नव्हती. जुलै २०२० मध्ये तमिळनाडूच्या पनरुटी गावात १९ वर्षांच्या एका तरुणाने स्टेट बँकेची शाखा उघडल्याचे उघडकीस आले. त्याचे आई-वडील बँकेतील माजी कर्मचारी होते. शिक्के, पावत्या, चलने अशी सारी सामग्री त्याने जमविली होती. एका ग्राहकाने, तुमची नवी शाखा कधी सुरू झाली, असे खऱ्या शाखेच्या व्यवस्थापकाला विचारले तेव्हा बिंग फुटले. गावात बँकेच्या दोनच शाखा होत्या. तेथे कोणाचे पैसे बुडाल्याची तक्रार पुढे आली नव्हती.

शाखा खरी की खोटी, हे तपासायला फार कष्ट नाहीत. आयएफएस संकेतांक अकरा अक्षरांचा असतो : पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी शून्य आणि शेवटची सहा शाखेची ओळख. रिझर्व्ह बँकेच्या आणि त्या-त्या बँकेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. छपोऱ्याच्या फलकावर बँकेचे नाव आणि बोधचिन्ह ठळक होते, हा क्रमांक तेवढा रंगवायचा राहिला होता.