कॉर-टेन पोलाद, वास्तुरचनेतील

तांबे, क्रोमियम, निकेल, फॉस्फरस इ. मूलद्रव्ये अल्प प्रमाणात असलेले व रंगलेपाविना वापरता येणारे मिश्रपोलाद. ते आळीपाळीने भिजत व वाळत राहिल्यास त्यावर गंजाचा दाट, घट्ट चिकटलेला थर तयार होतो आणि पुढील गंजणे मंदावते. थर स्थिरावण्यास काही वर्षे लागतात. तोवर सुटा गंज पावसाच्या पाण्याबरोबर ओघळतो.

अमेरिकेतील यू. एस. स्टील कंपनीने १९३३ मध्ये हे पोलाद विक्रीस आणले. आरंभी ते रेल्वेच्या मालडब्यांसाठी वापरीत. ईरो सारिनेन या वास्तुशिल्पज्ञाने मोलीन (इलिनॉय) येथील डीअर अँड कंपनीच्या मुख्यालयात (१९६४) ते दर्शनी भागी योजिले व वास्तुरचनेत त्याचा प्रसार झाला. पिट्सबर्ग येथील यू. एस. स्टीलच्या ६४ मजली इमारतीवरून (१९७०) ओघळलेल्या गंजाने पदपथ व शेजारच्या इमारती डागाळल्या. थर स्थिरावल्यावर कंपनीला त्यांची सफाई करावी लागली. ॲटलांटा येथील ओम्नी क्रीडागृहात (१९७२) दमट हवेमुळे गंजणे थांबलेच नाही व भिंतींना भोके पडली. १९९७ मध्ये ते पाडण्यात आले.

अशा अनुभवांतून काही उपाय रूढ झाले. पाणी साचेल असे सांधे टाळतात. पागोळी भिंतीपासून दूर पडावी म्हणून पत्र्याची खालची कड पुढे काढतात व पाणी पन्हळीतून वाहून नेतात. भिंतीच्या पायथ्याशी फिकट फरशीऐवजी खडीचा पट्टा ठेवतात. पत्रे बसविण्यापूर्वी ते वारंवार भिजवून व वाळवून आरंभीचा गंज आधीच काढून टाकतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत मात्र थर नीट स्थिरावत नाही. तेथे हे पोलाद उघडे वापरणे टाळतात.