तिसऱ्या, मुलाणी आणि एक निवांत वीकांत

तर मंडळी, झालं असं.

आम्ही दोन कुटुंबांनी मिळून मुरूडला जायचं ठरवलं. माझ्याकडून मी, बायको आणि आई. दुसरीकडून माझ्या टीममधला मित्र, त्याची बायको, अम्मी आणि तीन वर्षांचं एक वादळ. मित्र मूळचा लखनौचा, पण पुण्यात इतकी वर्षं काढलीत की हापिसात त्याचं नाव "लखनौकर" पडलंय. त्यालाही ते आवडतं. अजेंडा एकच: वाळू, झोप आणि जेवण. "सकाळी सहाला उठून सात पॉइंट्स" वगैरे प्रकार नाही.

एक्सेल शीट अर्थातच मी केली (सवय, दुसरं काय!). गाडी, खोल्या, भरती-ओहोटीच्या वेळा आणि आईचा शनिवार असे कॉलम पाडले. शनिवारी आई मांसमच्छी खात नाही, त्यामुळे आमच्या घरातली कुठलीही सहल कॅलेंडर बघूनच ठरते. मग लखनौकरला मेसेज टाकला, "जेवणाचं काय?" उत्तर आलं, "नेहमीसारखं. व्हेज चालेल."

त्या "नेहमीसारखं"वर मी अडकलो. हा माणूस ईदला अख्ख्या टीमसाठी बिर्याणीचं पातेलं घेऊन येतो. आणि टीमच्या तिन्ही सहलींत, आम्ही सगळे कोंबडीवर तुटून पडलेले असताना, हा दाल-राइस खात होता. मला वाटायचं, बाहेरचं तिखट झेपत नसेल. फोन करून विचारलं तर हसला. म्हणाला, "अरे, चिकन हलाल आहे का हे विचारायचं, मग वेटर आत जाऊन विचारणार, तोवर सगळं टेबल माझ्याकडे बघत बसणार. त्यापेक्षा दाल-राइस सोपं पडतं."

खरं सांगतो, लाज वाटली. आईच्या शनिवारासाठी माझ्या शीटमध्ये कॉलम होता. चार वर्षं शेजारी बसणाऱ्या मित्रासाठी नव्हता. आणि त्याने तो कधी मागितलाही नव्हता.

मग कॉलम वाढवला आणि फोनाफोनी सुरू केली. दोन ठिकाणी "सगळं मिळेल साहेब" असं इतक्या झटकन उत्तर आलं की प्रश्न कळलाय की नाही याचीच शंका आली. तिसरं घर एका कोकणी मुसलमान कुटुंबाचं निघालं. वर चार खोल्या, खाली मालकीणबाईंचं स्वयंपाकघर. म्हटलं, झालं काम! ते मुसलमान, हे मुसलमान, आता काय प्रश्न येणार?

आला.

ताम्हिणी उतरून दुपारी पोचलो. आईसाठी वेगळं वरण-भात-भाजी तयार होतं. बाकीच्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या, नारळाच्या रसातलं माशाचं कालवण, तळलेल्या सुरमईचे तुकडे आणि मधोमध मोठ्या थाळ्यात तिसऱ्यांचं सुकं. मी हात मारला. लखनौकर आणि अम्मी मात्र सुरमईपाशीच थांबले. मालकीणबाई म्हणाल्या, "भाईजान, घ्या ना, सकाळीच आणल्यात ताज्या." अम्मी जरा अवघडून म्हणाल्या, "हमारे यहाँ ये नहीं खाते."

मालकीणबाई हसल्या. "म्हणजे तुम्ही हनफी. आम्ही शाफई. आमच्यात चालतं."

घ्या! म्हणजे मी ज्याला एक चेकबॉक्स समजत होतो तो ड्रॉपडाउन निघाला :)

दुपारची झोप गेली आणि मी वाचत बसलो. जे सापडलं ते त्या तिसऱ्यांइतकंच चविष्ट होतं, म्हणून हा लेख.

सुन्नी मुसलमानांमध्ये धर्मशास्त्राच्या चार मोठ्या परंपरा आहेत. त्यातल्या दोन आपल्याकडे दिसतात. एक इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. ७६७) यांची हनफी, दुसरी इमाम शाफई (मृत्यू इ.स. ८२०) यांची शाफई. मासा दोघांनाही चालतो, आणि त्याला बकऱ्या-कोंबडीसारखं कापायची अटही नाही. म्हणजे समुद्रकाठी हलालचा निम्मा प्रश्न समुद्रच सोडवतो. फरक पुढे पडतो. हनफींच्या मते पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा खावा, म्हणून तिसऱ्या, माकूळ वगैरे बाद. शाफई परंपरा समुद्रातल्या बहुतेक सगळ्याला मोकळी आहे. कोलंबी हा मासा आहे की नाही यावर हनफी पंडितांतच जुना वाद आहे. (तो वाद लखनौकरच्या घरातही आहे. बायको खाते, अम्मी खात नाहीत.) आणि खेकड्यावरून शाफई ग्रंथांतही दोन मतं आहेत.

आता गंमत अशी की कोण कुठल्या परंपरेचा, हे बऱ्याच अंशी रस्त्यावरून ठरलं. उत्तर भारतात आणि दख्खनच्या पठारावर इस्लाम मुख्यतः मध्य आशियाकडून, तुर्क आणि अफगाणांबरोबर खुष्कीच्या मार्गाने आला. ती हनफी वाट. कोकण, भटकळ, मलबार इथे तो अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आला. ती शाफई वाट. तीच वाट पुढे श्रीलंका करून इंडोनेशिया-मलेशियापर्यंत जाते. चौदाव्या शतकात इब्न बतूता होन्नावरला आला, तेव्हा तिथले मुसलमान शाफई असल्याची नोंद त्याने मुद्दाम केली. चौदाव्या-पंधराव्या शतकातले माहीमचे मखदूम अली माहिमी हे कोकणातले मोठे विद्वान, तेही शाफईच. नंतर माणसं इकडची तिकडे झाली, त्यामुळे हा नियम नाही, ठोकताळा आहे. तरी जेवणाच्या टेबलावर कोण तिसऱ्या उचलतो यावरून त्याच्या पूर्वजांचा धर्म घोड्यावरून आला की होडीतून, याचा अंदाज बांधता येतो. कमाल आहे की नाही?

आणि ही होडी काही काल-परवाची नाही. मुरूडच्या थोडं उत्तरेला चौल आहे. अलिबागला जाणारे आपण ते गाडीच्या खिडकीतून बघतो आणि पुढे जातो. अरबांच्या लेखनातलं "सैमूर" म्हणजे हेच चौल, असं अभ्यासक मानतात. अल-मसूदी हा प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमारास तिथे आला. त्याने लिहिलंय की इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. काही ओमान, बसरा, बगदादकडून आलेले, तर काही इथेच जन्मलेले. त्यांचे व्यवहार बघायला "हुनरमन" नावाचा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. वर राज्य होतं शिलाहारांचं, आणि त्यांच्याही वर राष्ट्रकूटांचं. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सातशे वर्षं!

याहून भारी गोष्ट पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीची. तिथे शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा एक राष्ट्रकूट ताम्रपट सापडला. राजा तिसरा इंद्र. त्याच्या वतीने संजाणचा कारभार बघणारा अधिकारी होता एक ताजिक, म्हणजे अरब. ताम्रपटात त्याचं नाव "मधुमती" असं येतं आणि अभ्यासक ते मुहम्मदचं संस्कृत रूप मानतात. या माणसाने काय केलं? नद्यांवर तरीची सोय केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी अन्नछत्र काढलं. भात, कालवण, तूप, सगळं फुकट. आणि तो ताम्रपट मुळात कशाचा? त्याच्या कारकिर्दीत देवीच्या मठिकेला दिलेल्या दानाचा. कोकण किनाऱ्यावर वाटसरूंच्या जेवणाची काळजी करणारा अरब अधिकारी, अकराशे वर्षांपूर्वी. माझी एक्सेल शीट एकदम केविलवाणी वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. (पॉइंट नाही करायचे म्हटलं होतं, पण मुरूडला जाऊन जंजिरा नाही म्हणजे पाप.) शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पेशवे, सगळ्यांनी प्रयत्न करूनही न पडलेला हा किल्ला आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण "जंजिरा" हा शब्दच अरबी "जझीरा", म्हणजे बेट, यावरून आला, आणि किल्ला सांभाळणारे सिद्दी त्याच समुद्रावरून आफ्रिकेतून आले, हे होडीत बसल्यावर वेगळंच जाणवतं. १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झालं. पण ज्या समुद्राने सिद्दी आणले, त्यानेच माझ्या ताटातल्या तिसऱ्यांची परवानगीही आणली होती.

संध्याकाळी आई आणि अम्मी वाळूत बसल्या होत्या. वादळ खड्डे खणण्यात गुंग. मी अम्मींना म्हटलं, "सॉरी, इतकी वर्षं आम्ही कधी विचारलंच नाही." त्या काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "अरे, त्यात एवढं काय अवघड होतं? गावाकडं जत्रेचं बकरं कोण कापायचं? मुलाणीच ना?"

मी गार.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. लहानपणी जत्रेला मुलाणीबाबा सुरी घेऊन यायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि बकरं कापायचे. आम्हाला तोवर घरात पिटाळलेलं असायचं, पण खिडकी होतीच. ते पुटपुटणं म्हणजे अल्लाचं नाव होतं हे मला कधी सुचलंच नाही. मुलाणी हा गावगाड्याचाच भाग. अलुत्या-बलुत्यांच्या याद्यांत तो सापडतो. त्रिं. ना. आत्रे यांच्या "गांव-गाडा" (१९१५) या पुस्तकात ही सगळी व्यवस्था वाचायला मिळते. मशिदीची देखभाल आणि गावासाठी बकरं हलाल करणं ही त्याची कामं, मोबदला म्हणून धान्य आणि बकऱ्यातला ठरलेला वाटा. सगळ्या गावांत आणि सगळ्या देवस्थानांत असंच होतं असं नाही. पण देशावरच्या कितीतरी मराठा-कुणबी घरांत मुलाण्याने कापलेलंच मटण पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलंय. म्हणजे माझे आजोबा जन्मभर हलाल मटण खात होते आणि आमच्यातल्या कुणालाही त्याला वेगळं नाव द्यायची गरज वाटली नव्हती.

आणि मी, त्यांचा नातू, इंजिनीअर वगैरे, हा एक प्रश्न मित्राला विचारायला चार वर्षं लावतो.

असो. तुम्हीही कुणाबरोबर असा वीकांत ठरवत असाल तर माझ्या अनुभवातून तीन गोष्टी. एक, "हलाल मिळेल का" याबरोबर "मटण-चिकन कुठून आणता" हेही विचारा, उत्तरात दुकान किंवा माणूस आला तर प्रश्न कळलाय असं समजा. दोन, हा फोन तुम्हीच करा, म्हणजे ऐन टेबलावर पाहुण्याला तोंड उघडावं लागत नाही. तीन, नावावरून ताट ठरवू नका. एकाच धर्माच्या दोन घरांत तिसऱ्यांवरून मतभेद असू शकतात, जसे आमच्या घरात शनिवारवरून आहेत. (मी पाळत नाही. आईला माहीत आहे.)

रविवारी निघताना मालकीणबाईंनी वाटेसाठी डबा दिला. चिकन, सांदणं आणि वर आग्रहाने तिसऱ्या. डबा ताम्हिणीत उघडला. लखनौकरने चिकन एकट्याने संपवलं, कुणालाही काही न विचारता. त्याच्या वाटच्या तिसऱ्या मी खाल्ल्या :)