फुफ्फुसाचा जुना विकार आणि ऋतुबदलाची ॲलर्जी : गोत्रीच्या हवेचे वेळापत्रक

निरोगी माणसाला ऋतुबदलाची ॲलर्जी झाली तर चार दिवस शिंका येतात, डोळे खाजतात आणि प्रकरण तिथेच मिटते. दमा, सीओपीडी किंवा ब्राँकिएक्टॅसिस हे विकार असलेल्या, अथवा क्षयरोग बरा होऊनही ज्याचे फुफ्फुस दुर्बल राहिले आहे अशा माणसाचे मात्र तसे नसते. त्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या वा अरुंद झालेल्या असतात. त्यात ॲलर्जीची सूज आणि कफ यांची भर पडली की जिना चढणे, स्नान करणे, रात्री सलग झोपणे यांसारखी साधी कामेही अवघड होतात. असा रुग्ण वा त्याच्या घरची माणसे ‘ही तर नेहमीचीच सर्दी’ असे समजून आठवडा घालवतात आणि तोच आठवडा पुढे महाग पडतो.

हा त्रास अवचित येत नाही. कोणते झाड केव्हा फुलते, पाऊस केव्हा ओसरतो, धूर केव्हा दाटतो हे त्या त्या गावी बहुतांशी ठरलेले असते. त्यामुळे आपल्या गावच्या हवेचे वेळापत्रक ओळखून त्रासाच्या आधीच तयारी करणे हाच व्यवस्थापनाचा गाभा होय. असे वेळापत्रक कसे वाचावे याचे उदाहरण म्हणून येथे बडोदे शहराच्या पश्चिमेकडील गोत्री हा भाग घेतला आहे. गायकवाडांच्या राजवटीपासून बडोद्यात मराठी कुटुंबे नांदत आहेत. नोकरी, शिक्षण वा सोयरीक या निमित्ताने गोव्यातून तिकडे जाणारेही असतात. शिवाय गोत्रीची हवा गोमंतकाच्या हवेहून पुष्कळ निराळी असल्याने दोहोंची तुलना येथील रुग्णालाही उपयोगी पडेल.

नाक आणि फुफ्फुस : एकच मार्ग

नाकापासून फुफ्फुसाच्या सूक्ष्म वायुकोशांपर्यंतचा मार्ग सलग आहे. परागकण बहुधा १५ ते ६० मायक्रॉन आकाराचे असतात आणि त्यांतील बरेचसे नाकातच अडकतात. तेथे शरीरातील आयजीई नावाची प्रतिपिंडे त्यांना ओळखतात, हिस्टामिन स्रवते आणि शिंका, खाज, पाणी वाहणे सुरू होते. नाक चोंदले की माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो. मग न गाळलेली, कोरडी किंवा थंड हवा थेट श्वासनलिकांत जाते. बुरशीचे अनेक बीजकण परागकणांहून लहान असल्याने ते अधिक खोलवर पोहोचतात. परागकण पावसात भिजून फुटले तर त्यांतील सूक्ष्म कणही आत शिरतात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात गडगडाटी वादळानंतर हजारो लोकांना एकाच वेळी दम्याचे झटके आले आणि त्यांत दहा मृत्यूंची नोंद झाली, त्यामागे हीच प्रक्रिया होती.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. परागकण, बुरशी, घरधुळीतील सूक्ष्म कीटक ही ॲलर्जीची कारणे आहेत. त्यांचा त्रास ज्याला ॲलर्जी आहे त्यालाच होतो. फटाक्यांचा वा उदबत्तीचा धूर, रंगाचा वास, रस्त्यावरची धूळ ही क्षोभक द्रव्ये आहेत. दुर्बल फुफ्फुसाला ती ॲलर्जी नसतानाही त्रास देतात. ॲलर्जीच्या गोळीने धुराचा त्रास थांबत नाही, तेथे धुरापासून दूर राहणे हाच उपाय असतो.

गोत्रीचे वर्ष

जानेवारी थंडीचा. सकाळी हवा खाली दबून राहते आणि धूर व धूळ जमिनीलगत साचते. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायणाच्या पतंगांसाठी घरची सारी माणसे पहाटेपासून गच्चीवर असतात. सीओपीडीच्या रुग्णाने ऊन वर आल्यावर, नाकातोंडाभोवती मऊ कापड घेऊन गच्चीवर जावे आणि फटाके सुरू होण्याआधी खाली यावे.

फेब्रुवारी ते एप्रिल हा झाडांच्या परागाचा काळ. निष्पर्ण अवस्थेत फुलणारा वावळ आणि गुजरातीत ‘गांडो बावळ’ म्हणून ओळखली जाणारी वेडी बाभूळ ही दोन्ही ॲलर्जीकारक म्हणून वैद्यकात परिचित आहेत. याच सुमारास होळीचा धूर आणि धुळवडीचा कोरडा रंग यांची भर पडते.

मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. कोरड्या हवेत घरधुळीतील कीटक कमी होतात, पण वावटळींची धूळ वाढते. घरोघरी पाण्यावर चालणारे कूलर लागतात. त्यांतील वाळ्याचे किंवा गवताचे पडदे सतत ओले राहिले की त्यांत बुरशी धरते आणि पंखा तीच खोलीभर पसरवतो. हंगामाच्या आरंभी पडदे बदलावेत, टाकीतील पाणी वरचेवर बदलावे आणि कूलर चालू असताना एक खिडकी उघडी ठेवावी.

जून ते सप्टेंबर पावसाचा. ऑगस्ट २०२४ अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला आणि बडोद्याच्या अनेक वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. पूर ओसरल्यावर भिंती, गाद्या, लाकडी कपाटे यांवर येणारी बुरशी फुफ्फुसाच्या रुग्णाला पुराइतकीच घातक ठरू शकते. भिजलेली गादी वाळवून पुन्हा वापरू नये आणि घराची सफाई रुग्णाने स्वतः करू नये.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा गवत आणि तणांचा काळ. गाजरगवत, राजगिऱ्याच्या कुळातील तणे आणि गुजरातेत मोठ्या प्रमाणावर पिकणारा एरंड यांचे परागकण याच सुमारास हवेत असतात. नवरात्रात मोकळ्या मैदानावर रात्री उशिरापर्यंत गरबा चालतो आणि हजारो पावलांनी माती उडते. त्यापाठोपाठ दिवाळीचे फटाके येतात. फुफ्फुसाच्या रुग्णाच्या दृष्टीने हे लागून आलेले दोन महिने वर्षातील सर्वांत सावधगिरीचे समजावेत.

या वेळापत्रकात माणसाने स्वतःच एका झाडाची भर घातली. झटपट वाढणारे आणि सदाहरित म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड गुजरातच्या शहरांत रस्त्यांच्या कडेला आणि दुभाजकांत सर्रास लावले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वन विभागाने त्याच्या लागवडीवर राज्यभर बंदी घातली. हिवाळ्यात फुलणाऱ्या या झाडाच्या परागामुळे सर्दी, खोकला, दमा आणि ॲलर्जी होते हे त्यामागे दिलेल्या कारणांपैकी एक होते. दाराशी कोणते झाड लावले जाते हा प्रश्न आरोग्याचाही आहे, हे या निर्णयाने शासनाच्या कागदावर आले.

गोमंतकाचे वेगळेपण

बडोद्यात वर्षाकाठी सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर गोव्यात सुमारे तीन हजार. समुद्रकाठची हवा वर्षातील बराच काळ दमट राहते. त्यामुळे येथे झाडांच्या परागापेक्षा बुरशी आणि घरधुळीतील कीटक यांचे पारडे जड असते आणि त्रास एखाद्या ऋतूपुरता न राहता बारमाही होऊ शकतो. गोत्रीतील रुग्ण गोव्यात येऊन सुखावेल किंवा गोव्यातील रुग्ण कोरड्या हवेत बरा होईल असे म्हणूनच सरसकट सांगता येत नाही. कोणाला कशाची ॲलर्जी आहे यावर ते अवलंबून असते. प्रवासाला निघताना तेथील ऋतू विचारून घ्यावा, नेहमीची औषधे पुरेशी घ्यावीत आणि इनहेलर सामानात न ठेवता हाताशी ठेवावा.

ॲलर्जी की आजाराचा उद्रेक?

रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हा फरक ओळखता येणे सर्वांत महत्त्वाचे. नाक, डोळे, टाळू यांना खाज, ओळीने येणाऱ्या शिंका, पाण्यासारखे पातळ आणि रंगहीन स्राव, ताप नाही आणि बाहेर गेल्यावर त्रास वाढतो ही ॲलर्जीची लक्षणे होत. दम नेहमीपेक्षा अधिक लागणे, कफाचे प्रमाण वाढणे आणि कफ पिवळा वा हिरवा होणे ही सीओपीडीच्या उद्रेकाची तीन प्रमुख लक्षणे मानली जातात. ॲलर्जीने सुरुवात होऊन दोन-तीन दिवसांत यांपैकी काही दिसू लागले तर घरगुती उपचारात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

आणखी दोन शक्यता लक्षात ठेवाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, वजन घटणे, रात्री घाम येणे वा कफातून रक्त पडणे असे असल्यास त्याला ॲलर्जी म्हणून सोडून न देता क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करावी. शासकीय रुग्णालयांत ती विनामूल्य होते. दमेकऱ्याच्या कफात तपकिरी गोळे पडत असतील आणि इनहेलर घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल तर ॲस्परजिलस या बुरशीच्या ॲलर्जीचा विचार करावा लागतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते.

औषधे : काय घ्यावे, काय टाळावे

पहिला नियम असा की ॲलर्जीच्या गोळीने इनहेलरची जागा भरून निघत नाही. बरे वाटते म्हणून रोजचा इनहेलर बंद करणे हे हंगामात दम वाढण्याचे मोठे कारण असते. दम्यात तर केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलवर विसंबू नये, असे जागतिक मार्गदर्शन २०१९ पासून आहे. श्वासनलिकांची सूज उतरवणारे औषध सोबत असावेच लागते.

नाकाच्या ॲलर्जीसाठी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा सर्वांत परिणामकारक ठरतो. पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून ज्यांना दरवर्षी ठरावीक महिन्यात त्रास होतो त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हंगामाच्या दोन आठवडे आधीच तो सुरू करावा. फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला धरावे. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याचाही उपयोग होतो. मात्र पाणी उकळून गार केलेले असावे, नळाचे वा विहिरीचे कच्चे पाणी नको.

गोळ्यांपैकी सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीची औषधे त्यातल्या त्यात सुरक्षित आहेत. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधांनी झोप येते, कफ घट्ट होतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांची लघवी अडू शकते. टायोट्रोपियमचा इनहेलर घेणाऱ्यांना हा धोका अधिक. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांत नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिन असते. उच्च रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. नाक उघडणारे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट अधिक चोंदते. मॉन्टेल्युकास्ट असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात. त्यांमुळे काहींना निद्रानाश, उदासी वा विचित्र विचार येऊ शकतात, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये दिला. असे काही जाणवल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे.

स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तातील साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. ‘दम्यावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही छुपे स्टेरॉइड असू शकते. वाफाऱ्याने घटकाभर मोकळे वाटते, पण सूज उतरत नाही. ॲलर्जी कमी करण्याची दीर्घ मुदतीची इंजेक्शने दमा आटोक्यात नसताना किंवा फुफ्फुसाची क्षमता फार घटलेली असताना धोक्याची ठरतात. त्यांचा निर्णय तज्ज्ञावर सोपवावा.

घरात आणि दारात

परागाच्या दिवसांत कपडे उघड्यावर वाळत घालू नयेत, बाहेरून आल्यावर तोंड-हात धुऊन कपडे बदलावेत. केर कोरड्या झाडूने काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा आणि त्या वेळी रुग्णाने दुसऱ्या खोलीत बसावे. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुतले तर घरधुळीतील कीटक मरतात. देवघरात धूप-उदबत्तीऐवजी तुपाचे निरांजन पुरे. घरात विडी-सिगारेट कोणीही ओढू नये. एन-९५ मुखपट्टी धुळीपासून वाचवते, परंतु आजार तीव्र असल्यास ती लावून श्वास घेणे जड जाते, तेव्हा डॉक्टरांना विचारून ती वापरावी.

लेखी योजना आणि तातडीची वेळ

घरात भिंतीवर दिनदर्शिका असतेच. त्रास झालेल्या दिवशी तिच्यावर खूण करावी आणि त्या दिवशीचे झाड, धूर, पाऊस, सफाई यांपैकी जे आठवेल ते लिहावे. वर्षभरात रुग्णाचे स्वतःचे वेळापत्रक तयार होते आणि डॉक्टरांना ते एखाद्या तपासणीइतके उपयोगी पडते. हंगामापूर्वीच्या भेटीत इनहेलर घेण्याची पद्धत दाखवून तपासून घ्यावी, फ्लूची वार्षिक लस शक्यतो पावसाळ्यापूर्वी घ्यावी, न्यूमोकॉकसच्या लसीविषयी विचारावे आणि त्रास वाढल्यास कोणते औषध किती वाढवायचे ते कागदावर लिहून घ्यावे. गोत्रीत २०११ पासून शासकीय अधिपत्याखालील जीएमईआरएस वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पुढील लक्षणे दिसताच वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी : बोलताना वाक्य पूर्ण न होणे, ओठ वा नखे निळसर पडणे, गुंगी वा गोंधळ, इनहेलर घेऊनही आराम न पडणे, बोटावरील यंत्रात ऑक्सिजन नेहमीच्या पातळीपेक्षा स्पष्टपणे खाली जाणे. रुग्णाला सीओपीडी असल्यास रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना ते आवर्जून सांगावे. अशा रुग्णांना ऑक्सिजन बेताने, साधारणतः ८८ ते ९२ टक्क्यांची पातळी राखून दिला जातो. गरजेपेक्षा अधिक ऑक्सिजन त्यांना घातक ठरू शकतो.