राखणदार बाप: ग्रीसच्या नदीपासून घरच्या फिशटँकपर्यंत

ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्यांच्यापैकी काहींनी तरी हे दृश्य पाहिलं असेल. तळाशी नारळाची करवंटी ठेवलेली असते. तिच्यात ब्रिसलनोज कॅटफिशचा नर ठाण मांडून बसलेला असतो, थोबाडावर मऊ फाटेदार मिशांचं रान माजलेला. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस. परांनी तो अंड्यांवर सतत पाणी सारत राहतो, दुसरा मासा जवळ आला की अंगावर जातो. मादी अंडी घालून केव्हाच निघून गेलेली. काच पुसली की दिसावी इतकी ही साधी गोष्ट. पण कॅटफिशमधला बाप पिल्लं राखतो, हे विद्वानांच्या गळी उतरायला दोन हजारांवर वर्षं गेली. आज आपण त्या वर्षांकडे बघू.

सुरुवात इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात, ॲरिस्टॉटलपासून. प्राण्यांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने ‘ग्लॅनिस’ नावाच्या नदीतल्या माशाबद्दल लिहून ठेवलं आहे. अंडी घालून मादी निघून जाते, नर मात्र चाळीस-पन्नास दिवस तिथेच राहतो, म्हणजे पिल्लांना दुसरे मासे खाणार नाहीत. तो पाण्यात मुसंडी मारतो, आवाज करतो, त्यावरून कोळ्यांना त्याची जागा कळते. कोळी अंडी चिकटलेली मुळी ओढत उथळ पाण्यात आणतात, तरी हा मागोमाग येतो. नवखा असेल तर जवळ येणाऱ्या माशांवर झडप घालताना गळाला लागतो. मुरलेला असेल तर गळ दातांनी मोडतो, पण जागा सोडत नाही.

हा तपशील नीट ऐका. अंडी कुठे आहेत ते कोळी कसं ओळखतात, कुठपर्यंत ओढतात, कोणता नर गळाला लागतो, कोणता लागत नाही. हे काठावर उभं राहून एका दिवसात कळणारं ज्ञान नव्हे. आमच्या मते ॲरिस्टॉटलचा मोठेपणा इथे एवढाच, की त्याने कोळ्यांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं ते खोडून न टाकता लिहून घेतलं.

पुढच्या विद्वानांना हे पटेना. पश्चिम युरोपात त्यांच्या ओळखीचा मोठा कॅटफिश म्हणजे वेल्स. त्याला असं काही करताना त्यांनी पाहिलं नव्हतं. तेव्हा म्हातारा कोळ्यांच्या गप्पांना भुलला, असं ठरलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हार्वर्डमधल्या लुई अगासीला अमेरिकेतले कॅटफिश घरटं राखताना दिसले आणि त्याला शंका आली. त्याने पश्चिम ग्रीसमधल्या ॲखेलूस नदीतून मासे मिळवले. निघाली ती वेगळीच जात! वेल्सला सहा मिशा, या माशाला चार. नमुने बरीच वर्षं हार्वर्डमध्ये पडून राहिले. 1890 मध्ये सॅम्युअल गार्मनने त्या जातीचं वर्णन छापलं, आणि आज ती ॲरिस्टॉटलच्याच नावाने ओळखली जाते: सिल्युरस ॲरिस्टॉटेलिस. गंमत पुढेच आहे. वेल्सचा नरसुद्धा पिल्लं बाहेर येईपर्यंत घरटं राखतो. म्हणजे ज्या माशाच्या भरवशावर ॲरिस्टॉटलला खोटं पाडलं, तोही त्यांनी धड पाहिलेला नव्हता.

का पाहिला नव्हता? कारण मासा त्यांच्यापर्यंत यायचा तो दारूच्या बरणीतून. डार्विनने बीगलच्या सफरीत दक्षिण अमेरिकेत एक छोटा चिलखती कॅटफिश गोळा केला. 1842 मध्ये लेनर्ड जेनिन्सने त्याचं वर्णन केलं. आज कोरिडोरस पॅलिएटस म्हणून दुकानात मिळतो तोच हा. बरणीतल्या माशाचे काटे मोजता येतात. तो अंडी कशी घालतो ते कसं कळणार?

त्यासाठी काच लागली. 1850 च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टनने वनस्पती आणि मासे एकत्र ठेवून पाणी टिकवून दाखवलं, 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, आणि शौक घराघरांत गेला. पॅरिसमध्ये प्येर कार्बोनियेने कोरिडोरसच्या कुळातल्या माशांची वीण टाकीत करवली. 1880 मध्ये त्याने लिहिलं, की मादी नराचं वीर्य तोंडात घेते. पुढे शंभर वर्षं वाद चालला, की ते तोंडातून अंड्यांवर जातं कसं. 1995 मध्ये जपानी संशोधकांनी कोरिडोरसच्या मादीवर निळा रंग वापरून पाहिलं, तर रंग काही सेकंदांत आतड्यातून थेट मागे, परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांपाशी पोचला. ती चक्क पिते! आणि एवढा खटाटोप करून अंडी काचेला चिकटवली की आईबाप दोघेही मोकळे. संधी मिळाली तर स्वतःचीच अंडी खातात. तेव्हा सगळे कॅटफिश प्रेमळ, असं समजू नका.

आता ब्रिसलनोजच्या त्या मिशा. 1999 मध्ये तीन अमेरिकी संशोधकांनी मांडलं, की या मिशा पिल्लांची नक्कल आहेत. ज्याच्याकडे आधीच पिल्लं दिसतात, अशा बापाला मादी पसंत करते, म्हणून नराने पिल्लांचा देखावाच तोंडावर चढवला. हे अनुमान आहे, पण ते सुचायलाही राखण करणारा नर जिवंत, जवळून बघावा लागतो.

आणि आपल्याकडे? बाजारात शिंगाळा घेताना कोणी विचार करत नाही, पण तोही कॅटफिशच, समुद्रातला. त्याचा नर गोटीएवढाली अंडी तोंडात धरून आठवडेच्या आठवडे उपाशी फिरतो. शिंगाळ्याच्या तोंडातली अंडी कोळणींना नवी नाहीत. 1970 च्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. अंडी तोंडात घेतलेल्या नरांचे थवेच्या थवे एका वेढ्यात सापडू लागले, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याबद्दल इशारे दिले. जाळ्यात धडपडताना नराचं तोंड उघडतं, आणि अंडी फळीवर सांडतात.