खेडचें रण आणि आंबवड्याची समाधि

परकी शत्रूवर मिळविलेल्या जयाचें स्मारक उभारणें सोपें असतें. कोणाचा गौरव करावयाचा आणि कोणास विसरावयाचें, याचा निर्णय तेथें आधींच झालेला असतो. परंतु ज्या रणांत दोन्ही बाजूंस आपलेच लोक उभे होते, त्या रणाची आठवण कशी राखावी? मराठ्यांच्या इतिहासांत हा प्रश्न १२ ऑक्टोबर १७०७ रोजीं झालेल्या खेडच्या लढाईनें उपस्थित केला. आणि त्याचें उत्तर भीमेच्या कांठापेक्षां भोरच्या खोऱ्यांत अधिक स्पष्ट सांपडतें.

१७०७ च्या मार्च महिन्यांत औरंगजेब अहमदनगर येथें मरण पावला. उत्तरेकडे निघालेल्या आज्जमशहानें मे महिन्यांत संभाजीमहाराजांचे पुत्र शाहू यांस मोकळें केलें. सतरा वर्षांहून अधिक काळ मोंगलांच्या छावणींत काढलेला हा राजपुत्र दक्षिणेंत उतरला, तेव्हां राज्याचें आसन रिकामें नव्हतें. राजाराममहाराजांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७०० पासून, ताराबाई आपल्या पुत्राच्या नांवानें कारभार पाहत होत्या. बादशहा एकामागून एक किल्ले घेत असतां त्यांनीं राज्य जिवंत ठेविलें होतें. एका बाजूस वडील शाखेचा वारसा, दुसऱ्या बाजूस स्वतःच्या हिमतीनें राखलेल्या दौलतीवरचा हक्क, असा हा पेंच होता. येणारा शाहू तोतया आहे, असें ताराबाईंनीं जाहीर केलें आणि आपल्या सरदार-मुत्सद्द्यांकडून दूधभातावर शपथा घेवविल्या.

शाहूंस अडविण्यासाठीं सेनापति धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधि खेडकडे गेले. हें खेड म्हणजे आजचें राजगुरुनगर. परंतु तेथें तलवारीपेक्षां खात्रीनेंच निकाल लागला. खंडो बल्लाळ आणि बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीनें, आलेला पुरुष खराच शिवाजीमहाराजांचा नातू आहे, अशी धनाजींची खात्री पटली. सेनापति शाहूंकडे वळले, प्रतिनिधि एकटे पडले आणि त्यांनीं साताऱ्याचा रस्ता धरला. पुढें साताराही शाहूंच्या हातीं आला आणि १२ जानेवारी १७०८ रोजीं तेथें त्यांचा राज्याभिषेक झाला.

खेडच्या रणांत नसूनही ज्यांच्यावर त्या रणाचा सर्वांत कठोर आघात झाला, ते पुरुष म्हणजे शंकराजी नारायण सचिव. राजाराममहाराज जिंजीस असतां रामचंद्रपंत अमात्यांच्या बरोबरीनें त्यांनीं महाराष्ट्रांतील राज्य सांवरलें. हिरडस, गुंजण, कानद या मावळांतील देशमुखांस राज्याशीं बांधून ठेवणें, फितुरी आंवरणें, गेलेले गड परत मिळविण्याचा उद्योग करणें, हें त्यांचें काम होतें. भोर आणि वेल्हे हा प्रदेश त्यांच्या कर्तृत्वाचें क्षेत्र होता. भोर संस्थानाचे मूळ पुरुषही तेच.

खेडनंतर शाहूमहाराज या बाजूस वळले आणि सचिवांस भेटीस येण्याविषयीं बोलावणें गेलें. पंतांपुढें दोनच मार्ग होते. जावें, तर ताराबाईंस दिलेलें वचन मोडतें. न जावें, तर शिवछत्रपतींच्या नातवावर शस्त्र धरावें लागतें. त्यांनीं दोन्ही मार्ग नाकारले. आंबवडें येथें, नागेश्वराच्या सान्निध्यांत, त्यांनीं जलसमाधि घेतली, असें परंपरा सांगते. त्यांची समाधि आजही तेथें आहे.

विजयी राजानें यापुढें जें केलें, तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मृताच्या घराण्यावर राजद्रोहाचा ठपका ठेवून दौलत जप्त करणें शाहूंस अशक्य नव्हतें. त्यांनीं उलट कुटुंबाचें सांत्वन केलें आणि पंतांचा पुत्र नारो शंकर केवळ बालक असतांही सचिवपद त्याजकडे कायम ठेविलें. त्या घराण्याकडे भोरचा कारभार १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत राहिला. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांचा वाद मिटण्यास मात्र १७३१ चा वारणेचा तह व्हावा लागला.

यादवीचें रण जतन करण्याचा प्रश्न इतर देशांसही पडला आहे. अमेरिकेंत गेटिसबर्ग येथें जुलै १८६३ मध्यें तीन दिवस घनघोर लढाई झाली. त्याच वर्षीं तेथें जी दफनभूमि सिद्ध झाली, ती विजयी पक्षाच्या सैनिकांसाठींच होती. दक्षिणेच्या मृतांस तींत जागा नव्हती. १८९५ मध्यें ती रणभूमि राष्ट्रानें आपल्या रक्षणाखालीं घेतली आणि १९१३ मध्यें, लढाईस पन्नास वर्षें झालीं तेव्हां, दोन्ही पक्षांचे पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक त्याच भूमीवर एकत्र जमले. जमीन राखली गेली होती, म्हणूनच त्यांस परत येण्यास जागा उरली.

खेडास कोट नाहीं, बुरूज नाहीं. नदी, शेतें आणि वाढतें गांव एवढेंच आहे. अशी रणभूमि पडझडीनें नष्ट होत नाहीं, ती बांधकामाखालीं मुकाट्यानें नाहींशी होते. राजगडाचें भाग्य निराळें आहे. २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत आलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत त्याची गणना झाली. तरीही राजगड-तोरण्यावर चढणारा प्रवासी शिवकालाचीच कथा ऐकून उतरतो. १७०४ मध्यें औरंगजेबानें हे दोन्ही गड घेतले, पुढें ते मराठ्यांकडे परत आले आणि सचिवांच्या मुलखांत राहिले, हा उत्तरार्ध त्याच्या कानीं क्वचितच पडतो.

म्हणून खेड, राजगड आणि आंबवडें हीं तीन ठिकाणें एकाच कथेचीं म्हणून राखलीं पाहिजेत. खेडच्या स्मारकावर धनाजींबरोबर परशुरामपंतांचेंही नांव असावें. शाहूंच्या हक्काबरोबर ताराबाईंचा पराक्रमही लिहिला जावा. आणि आंबवड्यास, नागेश्वराचें दर्शन घेऊन परतणाऱ्या मुलानें ही समाधि कोणाची असें विचारलें, तर त्याच्या वडील माणसांस उत्तर देतां आलें पाहिजे. हरलेल्या पक्षाच्या या सेवकाचा मान जिंकलेल्या राजानें राखला होता. तो पुढें राखणें हें आतां लोकांचें काम आहे.