उच्च व्याजाचे चालू खाते

उच्च व्याजाचे चालू खाते हा युनायटेड किंग्डममधील व्यक्तिगत बँक खात्याचा एक प्रकार आहे. खातेदाराने ठरावीक अटी पूर्ण केल्यास त्याच्या दैनंदिन व्यवहाराच्या खात्यातील शिलकेवर नेहमीपेक्षा अधिक दराने व्याज दिले जाते. ब्रिटनमध्ये 'चालू खाते' या संज्ञेचा अर्थ भारतापेक्षा वेगळा आहे. भारतात चालू खाते हे प्रामुख्याने व्यापारी व संस्था यांचे असते; ब्रिटनमध्ये मात्र पगार, निवृत्तिवेतन, घरभाडे, वीजदेयके अशा नित्याच्या देवघेवीसाठी सर्वसामान्य व्यक्ती जे खाते वापरते, त्यालाच चालू खाते म्हणतात.

पार्श्वभूमी

ब्रिटिश बँका चालू खात्यातील शिलकेवर पूर्वी सहसा व्याज देत नसत. १९८६ च्या बिल्डिंग सोसायटी कायद्याने गृहकर्ज देणाऱ्या सोसायट्यांना बँकसेवांचे क्षेत्र अधिक खुले झाले. नेशनवाइड या सोसायटीने १९८७ मध्ये फ्लेक्सअकाउंट हे व्याज देणारे खाते सुरू केले आणि १९८९ पासून मोठ्या बँकांनीही त्या वाटेने जाण्यास प्रारंभ केला.

मार्च २००९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने आपला आधार दर ०.५ टक्क्यावर आणला. त्यानंतरच्या काळात साध्या बचत खात्यांवरील व्याज नाममात्र उरले. त्याच सुमारास ग्राहकाचे मुख्य खाते आपल्याकडे यावे, यासाठी बँकांमध्ये चुरस वाढली. सप्टेंबर २०१३ मध्ये सात कामकाजी दिवसांत खाते एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलवण्याची सामाईक सेवा सुरू झाल्याने ही चुरस अधिक तीव्र झाली. परिणामी काही वर्षे चालू खात्यावरील व्याज बचत खात्यापेक्षा अधिक, अशी उलटी स्थिती निर्माण झाली.

पात्रतेच्या अटी

अटी बँकेनुसार भिन्न असल्या, तरी त्यांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

किमान मासिक भरणा : खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जमा व्हावी लागते. सँटँडर बँकेच्या १२३ खात्यासाठी ही रक्कम ५०० पौंड होती, तर नेशनवाइडच्या फ्लेक्सडायरेक्ट खात्यासाठी १,००० पौंड होती. त्याच संस्थेतील स्वतःच्या दुसऱ्या खात्यातून वळवलेली रक्कम सामान्यतः या भरण्यात धरली जात नाही. जमा झालेली रक्कम खात्यात किती दिवस राहावी, याचे बंधन मात्र सहसा नसते.

डायरेक्ट डेबिट : वीज, पाणी, दूरध्वनी, स्थानिक कर इत्यादींची देयके संबंधित संस्थेने खात्यातून परस्पर वसूल करावीत, यासाठी खातेदाराने दिलेली ही संमती होय. अनेक खात्यांत अशी किमान दोन डायरेक्ट डेबिट चालू असणे आवश्यक असते. खातेदाराने स्वतः ठरवलेल्या रकमेचा स्टँडिंग ऑर्डर हा वेगळा प्रकार असून तो या अटीसाठी धरला जात नाही.

नवा ग्राहक असणे : काही प्रारंभिक दर पहिल्यांदाच ते खाते उघडणाऱ्यांसाठी राखीव असतात.

पतपडताळणी : खात्याबरोबर अधिकर्षाची म्हणजे ओव्हरड्राफ्टची सोय असू शकत असल्याने अर्जदाराची पत तपासली जाते. थोड्या काळात अनेक अर्ज केल्यास त्याचा परिणाम पुढील कर्जाच्या अर्जावर होऊ शकतो.

दर, मर्यादा व शुल्क

जाहिरातीतील दर संपूर्ण शिलकेला लागू होतोच असे नाही. फ्लेक्सडायरेक्ट खात्यावर २०१० नंतरच्या दशकात पहिल्या १२ महिन्यांसाठी ५ टक्के वार्षिक दर दिला जात असे. मात्र तो २,५०० पौंडांपर्यंतच्या शिलकेवर होता. मर्यादेएवढी शिलक वर्षभर ठेवल्यास सुमारे १२५ पौंड व्याज मिळे. याच खात्यात १०,००० पौंड ठेवले, तरी व्याज तेवढेच राहत असल्याने प्रत्यक्ष उत्पन्न सुमारे सव्वा टक्का भरे. मुदत संपल्यावर दर १ टक्क्यावर येत असे.

१२३ खात्यात ३,००० ते २०,००० पौंडांच्या शिलकेवर ३ टक्के व्याज होते. खात्याचे मासिक शुल्क जानेवारी २०१६ मध्ये २ पौंडांवरून ५ पौंड झाले. २०,००० पौंडांवर वर्षाला ६०० पौंड व्याज धरल्यास, ६० पौंड शुल्क वजा जाता ५४० पौंड हाती राहत. ऑगस्ट २०१६ मध्ये आधार दर ०.२५ टक्क्यावर आल्यानंतर १ नोव्हेंबर २०१६ पासून हा दर १.५ टक्के करण्यात आला. शुल्क कायम राहिल्याने तीच निव्वळ प्राप्ती २४० पौंडांवर उतरली. मार्च २०२० मध्ये आधार दर ०.१ टक्का झाल्यावर अशा बहुतेक खात्यांचे आकर्षण ओसरले. ऑगस्ट २०२३ मध्ये आधार दर ५.२५ टक्क्यांवर पोहोचला, तेव्हा साधी बचत खातीही पुन्हा स्पर्धेत आली.

संलग्न नियमित बचत खाते

काही बँका चालू खातेदारालाच उच्च दराचे नियमित बचत खाते उघडू देतात. त्यात दरमहा ठरावीक रक्कम भरायची असते. दरमहा ३०० पौंड, ७ टक्के दराने भरल्यास वर्षात ३,६०० पौंड जमा होतात. पण व्याज २५२ पौंड नव्हे, तर सुमारे १३६ पौंड ५० पेन्स मिळते. पहिला हप्ता बारा महिने, तर शेवटचा एकच महिना व्याज मिळवतो, हे त्याचे कारण होय.

सामाजिक परिणाम

या अटींचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. नियमित पगारदाराला मासिक भरण्याची अट सहज पूर्ण करता येते. मात्र २०१६-१७ मध्ये नव्या सरकारी निवृत्तिवेतनाचा पूर्ण दर आठवड्याला १५५ पौंड ६५ पेन्स, म्हणजे चार आठवड्यांना ६२२ पौंड ६० पेन्स होता. केवळ त्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीला ५०० पौंडांची अट पूर्ण करता येई, १,००० पौंडांची नाही. तासांच्या हमीविना काम करणारे, तसेच आगाऊ पैसे भरण्याच्या मीटरवर वीज घेणारे यांनाही भरण्याची वा डायरेक्ट डेबिटची अट अडचणीची ठरते. एखाद्या महिन्यात अट चुकल्यास त्या महिन्याचे व्याज बुडू शकते आणि शुल्क असल्यास ते मात्र द्यावेच लागते. दुसरीकडे, पुरेशी शिल्लक असलेले खातेदार तीच रक्कम दरमहा दोन बँकांत फिरवून दोन्हीकडील भरण्याच्या अटी पूर्ण करू शकतात.

कर व ठेवसुरक्षा

६ एप्रिल २०१६ पासून मूळ दराने कर भरणाऱ्यांना वर्षाला १,००० पौंड व उच्च दराने कर भरणाऱ्यांना ५०० पौंडांपर्यंतचे बचतीवरील व्याज करमुक्त आहे. सर्वोच्च दराच्या करदात्यांना ही सवलत नाही. परवानाधारक बँक बुडाल्यास ठेवीदारास भरपाई मिळते. तिची मर्यादा ३० जानेवारी २०१७ पासून ८५,००० पौंड होती, ती १ डिसेंबर २०२५ पासून १,२०,००० पौंड झाली.

भारतातील स्थिती

भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँका चालू खात्यावर सामान्यतः व्याज देत नाहीत. ब्रिटिश चालू खात्याशी तुलना करावयाची झाल्यास ती भारतातील बचत खात्याशी करावी लागते. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचे व्याज दररोजच्या शिलकेवर मोजले जाते. २५ ऑक्टोबर २०११ पासून त्याचा दर ठरवण्याची मोकळीक बँकांना मिळाली. त्या वेळी एक लाख रुपयांपर्यंतच्या शिलकेवर प्रत्येक बँकेने एकच दर द्यावा आणि त्यावरील शिलकेसाठी वेगळे दर ठेवता येतील, असे ठरले. त्यामुळे भारतात अधिक दर मुख्यतः शिलकेच्या टप्प्यांवर अवलंबून राहिला. ठरावीक मर्यादेवरील रक्कम आपोआप मुदत ठेवीत वळवण्याची 'स्वीप' सुविधा हाही अधिक व्याज मिळवण्याचा प्रचलित मार्ग आहे.