निळ्या पडद्याचा पंचनामा

गेल्या शनिवारी माळा आवरायला काढला. (काढला म्हणजे बायकोने काढायला लावला. असो.) जुन्या मॉडेमच्या खोक्यात रॅमची एक पट्टी सापडली. २५६ एमबी, डीडीआर. तिला पांढरी चिकटपट्टी लावलेली आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "खराब. फेकू नये."

खराब आहे तर फेकू नये का, असं बायकोने विचारलं. तिला तेव्हा थोडक्यात सांगितलं. सविस्तर इथे लिहितोय, कारण त्या पट्टीमुळे आमच्या घरात दीड वर्ष एका निरपराध माणसावर खटला चालला होता आणि न्यायाधीश मी होतो.

२००३ साली आमच्याकडे पहिला पीसी आला. तपकीर गल्लीत दुकानादुकानांतून भाव काढून सुटे भाग घेतलेला, म्हणजे तेव्हाच्या भाषेत 'असेंबल्ड'. पेंटियम फोर, विंडोज एक्सपी. दोन वर्षं सुरळीत गेली. २००५ च्या उन्हाळ्यात तो मधूनच आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. लोडशेडिंगचे दिवस होते, त्यामुळे बाबांनी निदान केलं, "व्होल्टेज." यूपीएस आला. रीस्टार्ट चालूच.

इथे एक्सपीची एक खोड सांगायला हवी. क्रॅश झाला की मशीन आपोआप रीस्टार्ट व्हावं, ही सोय त्यात मुळातच चालू असायची. त्यामुळे निळा पडदा यायचा, पण पापणी लवायच्या आत जायचा. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये खोल कुठेतरी एक खूण काढून टाकली, तेव्हा कुठे तो पडदा नीट थांबला आणि त्यावरचा कोड वाचता आला. मी ते कोड कालनिर्णयच्या चौकोनांत, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहायला लागलो. एकदा ५०, एकदा ८ई, मग नुसताच ए, एकदा ४ई. दर वेळी वेगळा.

दर वेळी वेगळा कोड येतोय हाच सगळ्यात मोठा पुरावा होता. पण मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे मला सगळं येत होतं. मी निकाल दिला: धाकटा भाऊ. तो मित्रांकडून गेमच्या सीड्या आणायचा, त्याही कुठल्या ते विचारू नका. सीड्या जप्त केल्या. क्रॅश होतच राहिले, तेव्हा मी अनुमान काढलं की हा चोरून खेळतो. तो म्हणायचा, "दादा, मी हातसुद्धा लावलेला नाही." पुढच्या क्रॅशला मी नुसतं त्याच्याकडे बघायचो.

दुकानातला मुलगा मात्र ठाम होता. "व्हायरस आहे काका, फॉरमॅट मारून देतो." तीनदा मारला. दुसऱ्या वेळी सी ड्राइव्हवरची बाबांची चाळीस पानं गेली. आजोबांची रोजनिशी ते रात्री जेवणं झाल्यावर दोन बोटांनी टाईप करत असत. मुलगा म्हणाला, "डी ड्राइव्हवर ठेवायचं ना काका." बाबा काही बोलले नाहीत. त्यानंतर ते कॉम्प्युटरसमोर फारसे बसलेही नाहीत.

तो निळा पडदा आम्हाला नक्की काय सांगत होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आणि त्याचा इतिहास वाचायला लागल्यावर गंमत वाटली ती ही, की चुकीच्या माणसाला धरण्याची परंपरा खुद्द त्या पडद्यापासूनच सुरू होते.

२०१४ साली जगभरच्या तंत्रज्ञान-बातम्यांत आलं की निळा पडदा स्टीव्ह बाल्मर यांनी लिहिला. मायक्रोसॉफ्टचे जुने प्रोग्रामर रेमंड चेन यांना खुलासा करावा लागला: बाल्मरनी लिहिला तो विंडोज ३.१ मधला, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर येणारा मजकूर. तोही निळ्यावर पांढरा, पण क्रॅशचा नव्हे. विंडोज ९५ च्या कर्नलच्या चुकीचा पडदा स्वतः चेन यांच्या हातचा. आणि विंडोज एनटीचा, म्हणजे १९९३ पासूनचा, ज्याचा वंश एक्सपीमार्गे आजपर्यंत चालत आलाय, तो जॉन वर्ट यांचा. निळाच का? वर्ट ज्या मिप्स मशीनवर काम करत होते त्याचं फर्मवेअर निळ्यावर पांढरी अक्षरं दाखवायचं, आणि ते वापरायचे तो स्लिकएडिट एडिटरही तसाच. एवढंच. आपण उगाच मानसशास्त्र शोधतो.

९५ आणि एनटी या दोघांच्या पडद्यांत मात्र मूलभूत फरक होता. ९५ चा पडदा पुष्कळदा एखादी कळ दाबून बाजूला सारता यायचा आणि मशीन लंगडत पुढे चालायचं. एनटीचा पडदा आला की संपलं. कर्नलच्या मेमरीत काहीतरी बिघडलंय हे कळल्यावर पुढे चालणं म्हणजे तीच बिघडलेली माहिती डिस्कवर लिहिण्याचा धोका. म्हणून तिथेच थांबायचं, जमलं तर मेमरीची नक्कल ठेवायची आणि मरायचं. आमच्या घरी ज्याला आम्ही आजार समजत होतो, तो खरं तर मशीनने घेतलेला शहाणा निर्णय होता.

बदनामी मात्र व्हायची ती झालीच. २० एप्रिल १९९८, शिकागोतलं कॉमडेक्स प्रदर्शन. विंडोज ९८ बाजारात यायला दोन महिने होते. बिल गेट्स मंचावर, आणि त्यांचे सहकारी ख्रिस कापोसेला स्कॅनर जोडून दाखवतायत, की बघा, नुसती वायर लावली की चालतो. वायर लावली आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळं. सभागृह हसतंय, टाळ्या वाजवतंय. गेट्सनी वेळ मारून नेली, की म्हणूनच अजून विकायला काढलेलं नाही. लोकांच्या लक्षात निळा रंग आणि विंडोजचं नाव राहिलं. स्कॅनर लावल्यावर हे झालं, हा तपशील मागे पडला.

पण तपशील तोच महत्त्वाचा. एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करा. वर्ड, ब्राउझर, गेम हे सगळे भाडेकरू. आपापल्या खोलीत काय धिंगाणा घालायचा तो घाला, भिंत पडली तर तुमची. पण स्कॅनरचा, ग्राफिक कार्डाचा, मॉडेमचा ड्रायव्हर म्हणजे ज्याला थेट माजघराची किल्ली दिलीय असा माणूस. तो घसरला तर अख्खा वाडा खाली. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये तर वेगासाठी विंडोजचा ग्राफिक्सचा बराच भागसुद्धा माजघरात हलवला गेला. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या 'नूक्स' या प्रकल्पावरच्या निबंधात नोंदवलं, की एक्सपीच्या त्या काळात नोंद झालेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. म्हणजे शिव्या मायक्रोसॉफ्टला, आणि गुन्हा बहुतेक वेळा तिसऱ्याचाच.

बरं, तो तिसरा सापडणार कसा? क्रॅश होताना एक्सपी एक छोटी ६४ केबीची फाईल लिहून ठेवायचं. हा पंचनामा. घटनास्थळी कोण सापडलं, हातात काय होतं, शेवटची हालचाल कोणती. पण पंचनाम्यात सापडलेला माणूस गुन्हेगार असतोच असं नाही. एका ड्रायव्हरने दुसऱ्याच्या मेमरीत चूक करून ठेवायची आणि निघून जायचं, दहा मिनिटांनी दुसरा तिथे पाय ठेवतो आणि तो पकडला जातो. यावर विंडोज २००० मध्ये 'ड्रायव्हर व्हेरिफायर' आलं. ते संशयिताला दिलेल्या मेमरीच्या कडेला सापळ्याचं पान लावून ठेवतं. एक बाईट पुढे सरकला की क्रॅश तिथल्या तिथे, रंगेहाथ. पुढे थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांच्या 'स्लॅम' या संशोधनातून ड्रायव्हर न चालवताच त्याचा कोड तपासणारं साधन निघालं. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो, पण तुम्हाला बोअर करत नाही.

आमच्या घरचा गुन्हेगार ड्रायव्हरही नव्हता.

रेमंड चेन यांनीच २००५ साली एक किस्सा लिहिलाय. क्रॅशच्या आलेल्या रिपोर्टांत एका सहकाऱ्याला अशक्य गोष्टी दिसायला लागल्या. रजिस्टर शून्य करण्याची साधी सूचना, जिला मेमरीला हातही लावायचा नसतो, तीच फसतेय. काही गिऱ्हाइकांना विचारल्यावर कळलं की त्यांचा प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवला जातोय. आणि त्यातल्या काहींना हे माहीतच नव्हतं, छोट्या दुकानदाराने परस्पर तसं करून मशीन विकलं होतं. मला हे वाचताना ओळखीचे चेहरे दिसले.

रॅमचं तर आणखी वेगळं. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीत दर आठ बिटांमागे एक नववा बिट फक्त राखणीला असायचा. मेमरीत एक बिट उलटला तर त्याला कळायचं आणि मशीन तसं सांगून थांबायचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून स्वस्त पीसींतून हा नववा बिट गेला. पैसे वाचले, साक्षीदार गेला. २५६ एमबीमध्ये २१४ कोटींहून जास्त बिट असतात. त्यातला एक अडकला तर काय होईल हे त्या जागी त्या दिवशी काय येऊन बसलंय त्यावर अवलंबून. फोटोतला ठिपका असेल तर कुणाला कळणारही नाही. ड्रायव्हरचा कोड असेल तर निळा पडदा. मेमरीच्या हिशोबाची नोंद असेल तरी निळा पडदा, पण कोड वेगळा. म्हणूनच ५०, ८ई, ए, ४ई.

२०११ साली मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती पीसींच्या क्रॅशचा अभ्यास छापला. त्यातला एक निष्कर्ष मी दोनदा वाचला: प्रोसेसर किंवा मेमरीच्या दोषामुळे मशीन एकदा क्रॅश झालं, की ते पुन्हा क्रॅश होण्याची शक्यता शंभरपटीपर्यंत वाढते. म्हणजे परत परत येणारा निळा पडदा हा पापाचा घडा भरल्यामुळे येत नाही, तो दोष तिथेच बसलेला असतो म्हणून येतो. फॉरमॅट मारून तो कसा जाणार?

आमचा छडा लागला २००६ च्या शेवटी. मला नोकरी लागली होती. एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "मेमटेस्ट चालवलास का?" हा छोटा प्रोग्राम विंडोजच्या आधीच फ्लॉपीवरून सुरू होतो आणि रॅमच्या प्रत्येक जागी ठरावीक नमुने लिहून ते परत वाचून बघतो, बस्स. शनिवारी रात्री लावला. निळाच पडदा, योगायोगाने. वीसेक मिनिटं काही नाही. मग लाल ओळी यायला लागल्या, एकाखाली एक. पत्ता दर वेळी तोच, चुकलेला बिटही तोच.

सोमवारी नवी पट्टी लावली. मशीन पुढे २०११ पर्यंत चाललं, निळा पडदा परत दिसला नाही. भावाला सीड्या परत दिल्या. तो तोपर्यंत बारावी होऊन गेला होता आणि ते गेम जुने झाले होते. "ठीक आहे रे," म्हणाला. माफी अशी मी तेव्हा मागितलीच नाही, चिकटपट्टीवर "फेकू नये" लिहून मोकळा झालो.

मग १९ जुलै २०२४, शुक्रवार. भाऊ कामासाठी निघालेला, विमानतळावर अडकला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला जगभर गेली, १०:५७ ला मागे घेतली. तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख मशीन निळी झाली. त्यांच्या कोडला २१ वी माहिती वाचायची होती आणि हातात आल्या होत्या २०. माजघरात राहणारा कोड, त्यामुळे रीस्टार्ट केलं की परत क्रॅश, परत रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये जाऊन फाईल काढायची, तीही मशीनपाशी जाऊन. इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. भावाने त्याच्या पासचा फोटो पाठवला, मग विमानतळावरच्या निळ्या स्क्रीनचा, आणि खाली लिहिलं: "दादा, मी हातसुद्धा लावलेला नाही. :)"

त्या दिवशीचा कोड होता ५०.

मी त्याला फोन केला. अठरा वर्षं उशिरा जे बोलायचं ते बोललो. गर्दीत त्याला किती ऐकू आलं देव जाणे.

२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ चा हा पडदा काळा केला. २०१२ पासूनचा रडका चेहराही काढला. काळ्यावर कोड आणि दोषी ड्रायव्हरचं नाव जरा ठळक दिसतं, हे चांगलं केलं.

पट्टी परत खोक्यात ठेवली. आजोबांची मूळ वही बाबांच्या कपाटात सुरक्षित आहे. रविवारी ती मागून आणली आणि टाईप करायला बसलो. नऊ पानं झाली. १९४८ च्या एका नोंदीत एक शब्द काही केल्या लागत नाहीये, बाबांना संध्याकाळी फोन करून विचारायचाय.